जुनी जर्मन सेडान नाशकात वापरताना: वर्षभरानंतर

घेतली तेव्हा गाडी आठ वर्षांची होती. डिझेल, ऑटोमॅटिक, मागे एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे), मीटर पन्नास हजारांच्या आत. नव्या मध्यम एसयूव्हीच्या पैशात आली. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची दुखणी सारखीच आहेत.

"साहेब, गाडी चाललेलीच नाही" हे एजंटांचं लाडकं वाक्य. मला आता ते ऐकून आनंद होत नाही. वेळच्या वेळी ऑइल बदललं असेल तर इंजिनाला सहसा काही होत नाही. जातं ते रबर, प्लॅस्टिक आणि सेन्सर, आणि त्यांना किलोमीटरपेक्षा वय खातं. उभी राहिलेली गाडी तर आणखी खाते.

पहिला दणका सस्पेन्शनचा. सकाळी पार्किंगमध्ये मागची डावी बाजू खाली बसलेली असायची, स्टार्ट केली की हळूहळू वर यायची. अंबडच्या मेकॅनिकने चाक काढून सस्पेन्शनच्या एअर बॅगवर, म्हणजे त्या रबरी फुग्यावर, साबणाचं पाणी मारलं, तर रबराच्या घडीतून बारीक बुडबुडे. चीर इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. हे पुढे ढकलू नका. गळलेली हवा भरायला कॉम्प्रेसर सारखा पळतो आणि शेवटी तोही जळतो. मी दोन्ही बाजू एकदम बदलून घेतल्या. घेण्याआधी गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवायला सांगा आणि सकाळी स्टार्ट करायच्या आत जाऊन बघा. ट्रायलला हे कळत नाही.

डीपीएफचं, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, दुखणं मात्र गाडीपेक्षा वापराचं. कॉलेज रोड ते सातपूर, सिग्नल सिग्नलला थांबत, एवढ्यात एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही आणि फिल्टरमध्ये काजळी साठते. ती जाळण्यासाठी गाडी जादा डिझेल सोडते. त्यात मध्येच बंद केली तर थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. दिवा लागला तेव्हा इगतपुरीपर्यंत सलग नेऊन आणली, दिवा गेला. एका गॅरेजवाल्याने "फिल्टर काढूनच टाकू" म्हटलं. त्याला लांबूनच नमस्कार. रोजचं जाणं-येणं पाच-सात किलोमीटरचं असेल तर डिझेल घेऊच नका, पेट्रोल बघा.

पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट ओलं लागायला लागलं. सनरूफच्या कोपऱ्यातली पाणी जायची नळी झाडाच्या पाल्याने तुंबली होती. वरून कार्पेट जेमतेम दमट, पण उचललं तर खालचा फोम पाण्याने जड झालेला. त्याच भागात वायरिंग आणि कंट्रोल मॉड्यूल असतात, म्हणून हे घाबरण्यासारखं. बघायला जाल तेव्हा कार्पेट दाबून पाहा आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुरातल्या गाडीचा गाळ तिथे सापडतो.

कूलंटचा एक प्लॅस्टिक जोड तडकला. पार्ट किरकोळ, मजुरी जबर, कारण तिथे हात पोचायला अर्धं इंजिन उघडावं लागतं. अशा गाडीत पार्टची किंमत विचारण्यात फारसा अर्थ नाही, आधी मजुरी विचारा. गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" असतं यावरही विसंबू नका. यातल्या बऱ्याच गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतःच 80,000 ते 1,20,000 किमी किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते.

दिल्लीच्या गाड्या इथे स्वस्तात दाखवतात, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले. एनओसी, एमएच 15 पासिंग आणि इथला टॅक्स धरून हिशेब करा, मग स्वस्ताई किती उरते ते बघा.

बाकी हायवेला गाडी लाजवाब. समृद्धीवर 120 ला आत आवाज नाही, सीट अशी की मुंबईला उतरल्यावर पाठ दुखत नाही. गावात मात्र सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांवर रनफ्लॅट टायर हाडं मोजतात. पंक्चरनंतरही साधारण 80 किमी जाता येतं हे खरं, पण बाजू इतक्या कडक की खड्ड्यात धक्का थेट रिमला, एक वाकलीच. आता साधे टायर टाकतोय. डिकीत स्पेअरला जागा नाही, म्हणून पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप.