विंडोज ११ वर फ्लाइट सिम्युलेटर एक्स: नवे यंत्र, जुने विमान

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा खेळ, ऑक्टोबर २००६ मध्ये बाजारात आला. माझ्याकडे त्याचा दोन तबकड्यांचा डबा २००७ पासून आहे आणि इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरात तो आतापर्यंत तीन संगणकांवर चालून झाला आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि आमच्या चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हवर विंडोज ११ रीतसर चढणे शक्य नव्हते, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणून चौथा संगणक घ्यावा लागला. सिम्युलेटरच्या गुणदोषांची चर्चा गेल्या कित्येक वर्षांत भरपूर झाली आहे. मी येथे तो नव्या यंत्रावर कसा वागतो एवढेच पाहणार आहे.

यंत्र निवडताना एक गोष्ट मनाशी पक्की धरली होती. हा सिम्युलेटर जेव्हा बाजारात आला तेव्हा इंटेलचा कोअर टू ड्युओ येऊन जेमतेम तीन महिने झाले होते, म्हणजे घरगुती संगणकाच्या प्रोसेसरमध्ये एकाहून अधिक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, असणे हीच तेव्हा नवलाई होती. साहजिकच त्याचे बहुतेक काम, म्हणजे उड्डाणाचे गणित, हवामान, आजूबाजूची विमाने, एकाच कोअरवर चालते; २००७ मधल्या पहिल्या सर्व्हिस पॅकने, म्हणजे दुरुस्तीसंचाने, जमिनीची चित्रे तयार करण्याचे काम इतर कोअरकडे सोपवले, पण मुख्य भार जिथे होता तिथेच राहिला. त्यामुळे कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती दमदार आहे याला येथे महत्त्व आहे. मी आय-फाइव्ह १२४०० घेतला. त्याचे सहाही कोअर एकसारखे आहेत आणि कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ आहे. मोठे आणि छोटे कोअर एकत्र असलेला प्रोसेसर मी मुद्दाम टाळला, कारण इतक्या जुन्या सॉफ्टवेअरचे मुख्य काम छोट्या कोअरवर जाऊन पडले तर ते शोधत बसण्याची माझी तयारी नव्हती.

दुकानदाराचा आग्रह मात्र ग्राफिक्स कार्डासाठी होता. ‘अंकल, गेम के लिए तो बड़ा कार्ड लगेगा ही,’ हे वाक्य मी त्या तासाभरात चार वेळा ऐकले. हा सिम्युलेटर डायरेक्टएक्स ९ या विंडोजच्या जुन्या चित्रप्रणालीच्या काळातला असून कार्डावर फारसे ओझे टाकतच नाही, हे त्यांना काही केल्या पटेना. शेवटी मी बेताचे कार्ड घेतले, आणि त्याचा पश्चात्ताप करण्याची वेळ अद्याप आलेली नाही. त्याच दुकानाने केलेले दुसरे काम मात्र महागात पडले. जुन्या हार्ड डिस्कवरचा मजकूर नव्या एसएसडीवर घेण्यास सांगितले असता त्यांनी सिम्युलेटरचे फोल्डर तेवढे उचलले आणि जुनी डिस्क स्वच्छ पुसून परत केली. जतन केलेली उड्डाणे आणि वैमानिकाची नोंदवही त्या फोल्डरमध्ये नसतात; त्या ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स फाइल्स’ या वेगळ्या फोल्डरात असतात. माझे सगळे उड्डाणतास असे गेले. दोष निम्मा माझाही आहे. तोंडी सांगण्याऐवजी कागदावर लिहून द्यायला हवे होते.

उचलून आणलेल्या फोल्डरचा तसा काही उपयोग नव्हताच, कारण विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत, नोंदी नसतील तर सिम्युलेटर नीट चालत नाही. प्रतिष्ठापना नव्यानेच करावी लागते. आजकालच्या कॅबिनेटमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह नसतो, म्हणून यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह आणला. ‘प्रोग्राम फाइल्स’ हे सुचवलेले ठिकाण स्वीकारू नये, हा सल्ला विंडोज व्हिस्टाच्या काळापासून दिला जातो आणि तो आजही लागू आहे, कारण त्या फोल्डरात विंडोज इतर कोणाला सहजासहजी लिहू देत नाही आणि जोडविमाने किंवा जोडदृश्ये (वेगळी घेऊन बसवायची विमाने आणि भूदृश्ये) बसवताना फाइली अर्धवट राहतात. सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून तिथे आधी मूळ तबकड्या आणि त्यानंतर ॲक्सिलरेशन हा विस्तारसंच बसवला. या संचात दोन्ही सर्व्हिस पॅकमधल्या दुरुस्त्या आधीपासूनच असल्याने ते वेगळे शोधावे लागत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. नव्या संगणकात ३२ जीबी मेमरी आहे आणि सिम्युलेटरला तिच्यापैकी ४ जीबीहून अधिक कधीच वापरता येणार नाही. तो ३२ बिटांचा आहे, आणि ३२ बिटांत जेवढे पत्ते लिहिता येतात त्यांची बेरीज ४ जीबीवर संपते. वाड्यात खोल्या कितीही असल्या तरी किल्ल्या चारच खोल्यांच्या मिळाव्यात तसा हा प्रकार आहे. मूळ विमान आणि मूळ भूदृश्य घेऊन उडणाऱ्याला ही मर्यादा जाणवतही नाही. तपशीलवार जोडविमान, गजबजलेल्या शहराचे जोडदृश्य आणि त्यावर दूरवरची जमीन स्पष्ट दिसावी म्हणून वाढवलेली दृश्यत्रिज्या असे तिन्ही एकत्र आले, की मेमरी संपल्याचा संदेश येऊन उड्डाण बंद पडते, आणि ते बहुधा उतरण्याच्या वेळीच घडते, कारण तोवर वाटेतल्या दृश्यांचा साठा भरत आलेला असतो. सेटिंगच्या पडद्यावर ही त्रिज्या ४.५ च्या पुढे जात नाही; सेटिंग साठवणाऱ्या कॉन्फिग फाइलमध्ये हाताने ६.५ लिहिता येते आणि यंत्र नवे म्हणून तो मोह होतोच. मीही तो करून पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी आकडा पूर्ववत केला.

त्याच कॉन्फिग फाइलमध्ये दोन ओळी मात्र अवश्य घालाव्यात. ‘ग्राफिक्स’ या मथळ्याखाली ‘हायमेमफिक्स’ (HIGHMEMFIX), सगळी अक्षरे जोडून, आणि त्यापुढे बरोबरचे चिन्ह व एक. ही ओळ नसेल तर मेमरीचा वापर वाढल्यावर विमानाच्या पंखावरचा रंग किंवा कॉकपिटमधली मापके अचानक काळी पडतात. दुसरी ओळ ‘डिस्प्ले’ या मथळ्याखाली ‘वाइड व्ह्यू ॲस्पेक्ट’ची (WideViewAspect), तिथे ‘ट्रू’ (True) लिहायचे. सिम्युलेटर बनला तेव्हा चौकोनी पडदे सर्रास होते, त्यामुळे रुंद पडद्यावर तो कॉकपिट नको इतके जवळून दाखवतो, आणि या एका शब्दाने वैमानिक आपल्या खुर्चीत मागे सरकून बसल्यासारखा होतो. मेनू पुनःपुन्हा उघडल्यास सिम्युलेटर बंद पडतो ही विंडोज ७ वरची जुनी तक्रार. तिच्यासाठी त्या वेळी एक जुनी सिस्टम फाइल फोल्डरात आणून ठेवत. ती मी यंदा ठेवलेली नाही आणि अद्याप तिची गरज भासलेली नाही.

इतके झाल्यावर सेसना १७२ घेऊन इंदूरहून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला निघालो. अंतर सरळ रेषेत सुमारे ३२० किलोमीटर, दिशा जवळजवळ थेट दक्षिण. वाटेत विंध्याचा उतार, नर्मदा, सातपुडा आणि तापी एवढे सगळे येते, म्हणून जुन्या यंत्रावरही माझा हाच परिपाठ होता. पहिला फरक खुर्चीत बसताच कळला. पूर्वी ‘फ्लाय नाऊ’ दाबल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवून येत असे. एसएसडीवर तेवढ्या वेळात विमान धावपट्टीवर येऊन उभे असते. दुसरा फरक महूच्या पुढे, डोंगर सुरू होतात तिथे. आधीच्या यंत्रावर ढग दाटले की चित्र अडखळू लागे आणि खालची जमीन पुसट डागांसारखी दिसे. आता फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, ३० वर बांधून ठेवला आहे आणि नर्मदा ओलांडेपर्यंत तो एकदाही ढळला नाही. शिफ्ट आणि झेड दाबून मी तो आकडा इतक्या वेळा पाहिला, की महेश्वर केव्हा मागे पडले ते समजलेच नाही.

जमिनीचे रूप अर्थातच जुने आहे आणि कोणताही प्रोसेसर ते बदलू शकणार नाही. माळव्याची काळी माती येथे कुठल्याही देशातल्या शेतासारखी दिसते. विमानतळांचा नकाशाही २००६ च्या आसपास थांबलेला आहे: हैदराबादचे शमशाबाद आणि बंगळुरूचे देवनहळ्ळी ही विमानतळे २००८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्या शहरांना जायचे तर बेगमपेठला आणि एचएएलच्या जुन्या धावपट्टीवर उतरावे लागते. मला स्वतःला हे आवडते; ज्यांना आजचा भारत हवा आहे त्यांनी २०२० किंवा २०२४ ची आवृत्ती घ्यावी, मात्र ती जमिनीचे तपशील इंटरनेटवरून सतत ओढत असते हे ध्यानात ठेवावे.

ज्यांच्याकडे तबकड्या नाहीत त्यांनी स्टीम या इंटरनेटवरच्या खेळांच्या दुकानात डिसेंबर २०१४ मध्ये निघालेली आवृत्ती घ्यावी. ॲक्सिलरेशनमधला भाग तिच्यातच आहे, ड्राइव्ह शोधावा लागत नाही, आणि चारचौघांबरोबर उडण्याची सोयही स्टीमवर चालते; डब्यातल्या आवृत्तीची ती सोय गेमस्पाय या सेवेवर अवलंबून होती आणि ती सेवा २०१४ मध्येच बंद झाली. ४ जीबीची मर्यादा तिलाही आहे. त्याहून जुनी २००३ ची, राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त निघालेली आवृत्ती कपाटात असेल तर ती तिथेच राहू द्यावी: तिच्या तबकडीवर सेफडिस्क नावाचे कुलूप आहे आणि ते उघडणारा घटक विंडोज १० पासून काढून टाकलेला आहे, त्यामुळे मूळ तबकडी घालूनही ती सुरू होत नाही.

राहता राहिली जॉयस्टिक. यूएसबीची, बऱ्याच वर्षांपूर्वीची, आणि विंडोज ११ ने ती क्षणात ओळखली. पण पंधरा-वीस मिनिटे विमान स्वयंचलित यंत्रणेवर सोडून पुन्हा दांडा हाती घेतला, तर विमान ऐकेनासे होई. कारण असे निघाले, की वीज वाचवण्यासाठी विंडोज न वापरले जाणारे यूएसबी उपकरण झोपवते, आणि सिम्युलेटरला ते पुन्हा जागे झाल्याचे कळत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी हबच्या वीजबचतीच्या पानावरची खूण काढली की प्रश्न मिटतो. एका मोठ्या अद्यतनानंतर ती खूण आपोआप परत आलेली मी पाहिली आहे, म्हणून ‘उड्डाणाआधी यूएसबी पाहणे’ अशी चिठ्ठी कॅबिनेटवर चिकटवून ठेवली आहे.