फॉर्मिक की ग्लायकोलिक? गाळाच्या प्रयोगासाठी आम्ल निवडताना

कलाभवनात, म्हणजे इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, एम.ई. करणारी मुलं अलीकडे हे विचारतात. अणुकचऱ्याच्या गाळाचा नमुना तयार आहे, किरणोत्सर्ग अर्थातच नाही, पण ऱ्होडियम, रुथेनियम, पॅलेडियम हे धातू घातलेले आहेत. काचेत मिसळण्याआधी या गाळावर आम्लांची प्रक्रिया करतात; त्यात नायट्रिकच्या जोडीला दुसरं आम्ल कोणतं घ्यावं? इथे वडोदऱ्यात आमच्या छोट्या प्रयोगशाळेत मी दोन्ही वापरली आहेत. आता ग्लायकोलिकच मागवतो.

फॉर्मिक वाईट आहे असं नाही. अमेरिकेत सव्हाना रिव्हर या अणुकेंद्राच्या काचीकरण प्रकल्पात (जिथे कचरा काचेत मिसळून घट्ट करतात) १९९६ पासून अनेक वर्षं तेच चाललं. गाळातल्या पाऱ्याला ते धातुरूपात आणतं आणि मग तो वाफेबरोबर काढता येतो. जुने निष्कर्षही बहुतेक फॉर्मिकवरचेच, त्यामुळे ताडून बघायला सोपं.

मला नको झाली ती त्याच्या हायड्रोजनची वेळ. ९३ अंशांवर आम्ल सोडत असताना काहीच वावगं दिसत नाही. गाळातलं नायट्राइट शिल्लक आहे तोवर कंडेन्सरमध्ये (वाफ थंड करणाऱ्या नळीत) तांबूस धूर आणि हायड्रोजन नावालाच. मग धूर विरतो, काच स्वच्छ दिसते, मुलं जेवायला उठतात आणि नेमकं तेव्हाच क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखावर, हायड्रोजनचं शिखर चढायला लागतं. ऱ्होडियममुळे फॉर्मिक फुटून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड होतो. ते जरा ओसरलं म्हणेपर्यंत पुढच्या उकळीत रुथेनियमचा जोर सुरू. धातूंचं प्रमाण थोडं बदललं की ही वेळही सरकते. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो, म्हणून हवेचा झोत त्या एका शिखराच्या हिशेबाने ठेवायचा आणि कुणीतरी सतत समोर बसायचं. मुलं एकटी काम करत असतील तर मला हे पटत नाही.

तेच धातू, तीच उकळी, पण ग्लायकोलिकसोबत आमच्याकडे ते शिखर जेमतेम दिसलं. आम्ही पारा घातला नव्हता, तेव्हा पाऱ्यावर काम करणाऱ्यांनी आपलं आपण तपासलेलं बरं. गाळ पातळ राहतो, ढवळायला हलका जातो. थोडं लोह मात्र विरघळतं. काचेतलं ऑक्सिडेशन-रिडक्शन जुळवताना हिशेब नव्याने मांडा: फॉर्मिकचा एक मोल २ इलेक्ट्रॉन देतो, ग्लायकोलिकचा ६.

ग्लायकोलिकचा खरा त्रास मागे उरणाऱ्या ग्लायकोलेटचा, म्हणजे त्याच्या क्षाराचा. ते फेसाबरोबर कंडेन्सेटमध्ये (वाफ थंड होऊन जमलेल्या पाण्यात) जातं आणि अल्कली टाकीत पोचलं की तिथे हळूहळू हायड्रोजन देत राहतं. सव्हाना रिव्हरने ग्लायकोलिक घेतलं तेव्हा टाक्यांकडे परत जाणाऱ्या पाण्यात ग्लायकोलेट नष्ट करणारं परमँगनेट घालायची सोय त्यासाठीच करावी लागली. मला हे काम परवडतं, कारण ते शेवटी, थंड पाण्यात, सवडीने करता येतं. तेवढं कंडेन्सेट कॉस्टिक घालून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवू नका.