तिन्ही कागद खरे होते

वडील गेल्यावर धुळ्यातलं देवपूरचं घर विकायचं ठरलं. मी नाशिकला, भाऊ पुण्याला, आई तिथे एकटी राहायला तयार नव्हती. वडिलांच्या ओळखीतले एक काका घरांची दलाली करतात. लहानपणापासून त्यांचं येणं-जाणं, म्हणून त्यांच्यावरच सोपवलं.

पहिल्याच बैठकीत त्यांनी तीन व्यवहारांच्या सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या सरकारी उताऱ्याच्या, नकला आईपुढे ठेवल्या. "वहिनी, हे माझ्या तोंडचं नाही, सरकारी कागद आहेत." एक घर ३१ लाखांना गेलेलं, दुसरं ३३, तिसरं ३४. रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारी दरपत्रकानं, आमच्या घराचं मूल्य ३० लाखांच्या आसपास निघत होतं आणि काकांचं गिऱ्हाईक ३६ द्यायला तयार होतं. आईला भरून आलं. आठवड्यात इसार घेतला, दोन महिन्यांत खरेदीखत झालं.

पाच महिन्यांनी तेच घर ४८ लाखांना विकलं गेलं. आमच्याकडून घेणारा काकांचा साडू होता, हे तेव्हा कळलं. शेजारच्या मावशींचा फोन आला: "इतलं सस्तं काब दिधं वं माय?" मला उत्तर देता आलं नाही.

मग त्या नकला पुन्हा नीट वाचल्या. पहिल्या व्यवहारात घेणारा आणि देणारा सख्खे भाऊ, मोबदला सरकारी मूल्याइतकाच लिहिलेला. दुसरं बँकेनं लिलावात विकलेलं घर. तिसरा व्यवहार चार वर्षांपूर्वीचा, शिवाय प्लॉट १०२ चौरस मीटरचा, म्हणजे जेमतेम ११०० चौरस फूट. आमचा १५००. कागदावर क्षेत्रफळ मीटरमध्ये, आपण बोलतो फुटात; तिथेच आमची नजर चुकली. एकही कागद खोटा नव्हता. आमच्या गल्लीत वर्षभरात ४६ आणि ४७ लाखांना दोन घरं गेली होती, प्लॉट जवळजवळ आमच्याएवढेच. त्यातला एक व्यवहार काकांनीच जमवलेला. तो कागद मात्र त्यांनी आणला नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

कळकळीनं सांगते, तुलनेचे व्यवहार दलालाकडून घेऊ नका, स्वतः काढा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की नोंदी दिसतात. नाहीतर दुय्यम निबंधक कार्यालयातून नकला मिळतात. शक्यतो त्याच गल्लीतले, गेल्या वर्षभरातले, तेवढ्याच प्लॉटचे व्यवहार धरा. आडनावं बघा, दस्ताचा प्रकार बघा. मग रस्त्याची रुंदी, कोपऱ्याचा प्लॉट, बांधकामाचं वय यांचा फरक लावा. रेडी रेकनर मुद्रांक शुल्काच्या हिशेबासाठी असतो, त्याला बाजारभाव समजू नका. आणि दस्तात लिहिलेली रक्कम कधी कधी खऱ्या व्यवहारापेक्षा कमी असते, म्हणून शेजारी चार घरी विचारायला लाजू नका. आम्ही लाजलो. बाबांच्या माघारी लगेच पैशाच्या गोष्टी कशा काढायच्या, असं वाटलं.

साक्री रोडवरचं मामांचं घर आता विकायचंय. परवा त्यांच्या गल्लीतल्या सात नोंदी मी काढल्या, त्यातल्या दोन नोंदी घरातल्या घरात झालेल्या म्हणून खोडल्या. उरलेल्या पाच घेऊन रविवारी मामांसोबत त्या घरांसमोरून फिरणार आहे.