युरेनियमचं खनिज: डंपरने न्यावं की बेल्टने?

झारखंडमधल्या जादुगोडा खाणीतलं खनिज शेजारच्याच कारखान्यात कन्व्हेयर बेल्टने जातं. नरवापहाड या दुसऱ्या खाणीतलं मात्र तिथे रस्त्याने येतं. टनामागे युरेनियम साधारण अर्धा किलो, म्हणजे रस्ता झिजतो तो जवळजवळ सगळा दगड वाहण्यापायी. दिवसाला 500 टन माल आणि 10 टनी डंपर धरला, तर 50 भरलेल्या नि 50 रिकाम्या फेऱ्या. त्यात ॲक्सलवर 20 टक्के जादा भार पडला की डांबराची झीज दुप्पट! ताडपत्री बांधली तरी मागच्या फाळक्याच्या फटीतून चुरा गळतोच. फटीला रबरी पट्टी, ओला माल आणि धुतलेली चाकं, तिन्ही हवं. बेल्टसाठी खनिज आधी फोडावं लागतं आणि रोलर अडकला की पट्टा घासून फाटतो, कारखाना थांबतो. तरीही वाटेत वस्ती असेल तर आमची पसंती बेल्टलाच.