आरएक्स 6600 आणि लिनक्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

फेडोरा या लिनक्सवर एएमडीचं रेडिऑन आरएक्स 6600 हे ग्राफिक्स कार्ड वापरतोय, आता बरेच महिने झाले. मुख्य गोष्ट आधी सांगतो: ड्रायव्हर वेगळा टाकावाच लागला नाही. एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो आणि वरचं सगळं मेसा ही खुली ग्राफिक्स लायब्ररी बघते. नवा कर्नल आला, रीस्टार्ट केलं, काम सुरू. एनव्हिडियाचं ड्रायव्हर मॉड्यूल कर्नलबाहेरचं असल्यामुळे दर नव्या कर्नलसाठी पुन्हा बिल्ड होतं, आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर त्याच्या सहीची किल्लीही नोंदवावी लागते.

स्टीमवरचे विंडोज गेम प्रोटॉन या लिनक्सवर विंडोज गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सुरेख चालतात. त्यामागचा व्हल्कन (गेमसाठीचा ग्राफिक्स इंटरफेस) ड्रायव्हर म्हणजे मेसातला आरएडीव्ही. तो 2016 मध्ये एएमडीबाहेरच्या लोकांनी सुरू केला, पुढे स्टीमवाल्या वाल्व्हने त्याला एसीओ हा शेडर कंपायलर (ग्राफिक्सचा कोड कार्डाच्या भाषेत बदलणारा) दिला. 2025 मध्ये एएमडीने स्वतःचा एएमडीव्हीएलके हा खुला व्हल्कन ड्रायव्हर बंद करून आरएडीव्हीलाच पाठिंबा जाहीर केला. कोड खुला ठेवला की काय होऊ शकतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सगळंच खुलं आहे असं मात्र नाही. कार्डाच्या आत चालणारं फर्मवेअर बंदिस्तच येतं. पेटंटमुळे फेडोराच्या मेसामध्ये एच.264 या व्हिडिओ फॉरमॅटचं हार्डवेअर डिकोडिंग नसतं, आरपीएम फ्यूजन या फेडोराबाहेरच्या पॅकेज-संग्रहातून 'फ्रीवर्ल्ड' पॅकेज घ्यावं लागतं. ते घातल्यावर व्हिडिओ बघताना सीपीयू शांत असतो. 2024 मध्ये एचडीएमआय फोरमने खुल्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय 2.1 आणायला नकार दिला, त्यामुळे 4के 120 हर्ट्झसाठी मी डिस्प्लेपोर्टच वापरतो.

ज्यांचं पोट कूडावर (एनव्हिडियाच्या कार्डावर आकडेमोड करायच्या प्रणालीवर) आहे त्यांनी सरळ एनव्हिडिया घ्यावं. आरओसीएम या एएमडीच्या कूडासारख्या प्रणालीच्या अधिकृत यादीत 6600 नाही. आरओसीएमला कार्डाची ओळख 10.3.0 अशी बदलून सांगितली की बरंच काही चालतं, पण त्याच्या भरवशावर धंदा करू नये. शिवाय एनव्हिडियानेही 2022 मध्ये ट्युरिंग पिढीच्या आणि पुढच्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूल खुलं केलंय. ओपनजीएल, व्हल्कन, कूडा हा वरचा भाग अजून बंदच आहे.

सेकंडहँड कार्ड घेणाऱ्यांनी हे जरूर बघा. एनव्हिडियाच्या जीटीएक्स 1060 साठी 580 ही ड्रायव्हरची शेवटची शाखा. खुलं मॉड्यूल त्यावर चालत नाही, आणि सही केलेल्या फर्मवेअरच्या अटीमुळे नूव्हो या एनव्हिडियासाठीच्या खुल्या ड्रायव्हरला त्याचा क्लॉक, म्हणजे वेग, वाढवता येत नाही. उलट एएमडीच्या 2012 च्या एचडी 7000 मालिकेतली जुनी कार्डं लिनक्स 6.19 पासून आपोआप एएमडीजीपीयूवर आली, तेही वाल्व्हसाठी काम करणाऱ्या डेव्हलपरच्या मेहनतीने. त्यामुळे 1060 कितीही स्वस्त मिळालं तरी लिनक्ससाठी उचलू नका. त्याऐवजी एएमडीचं आरएक्स 580 कार्ड शोधा.