एक राबतो, पंधरा गजाली मारतात: पतसंस्थेचा नवा डेटाबेस सर्व्हर, एक पावसाळा वापरून

आमची पतसंस्था रत्नागिरीत, शाखा अकरा, आणि कॉम्प्युटर विभागात मी एकटी. गेल्या मार्चअखेरीला जुन्या सर्व्हरवर बचत खात्यांचं व्याज जमा करायला संध्याकाळी सातला लावलं, ते पहाटे चारला संपलं. रात्रभर स्क्रीनसमोर बसून नवं यंत्र कसं हवं ते मात्र नीट कळलं. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. व्याजाचा प्रोग्रॅम एकाच कनेक्शनवरून एकेक खातं घेत पुढे जातो, आणि पोस्टग्रेसमध्ये एक कनेक्शन म्हणजे एक प्रोसेस, आणि ती एका वेळी एकाच कोअरवर चालते. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एक गडी. सोळापैकी एक कोअर शंभर टक्क्यांवर राबत होता, बाकीचे पंधरा गजाली मारत बसलेले. पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, एक क्वेरी (डेटाबेसला केलेली मागणी) अनेक कोअरवर वाटता येते हे खरं, पण ती वाचायच्या कामाला. खात्यात व्याज लिहायचं असलं की पुन्हा एकटाच.

पुरवठादाराने कोटेशन आणलं ते दोन प्रोसेसरचं: मिळून ३२ कोअर, २.१ गिगाहर्ट्झ. "मॅडम, कोअर डबल म्हणजे स्पीड डबल!" म्हटलं, म्हणजे गजालीला अजून सोळा जण. तासभर वाद घालून शेवटी एकच एएमडी एपिक ७३१३पी घेतला. १६ कोअर, मूळ वेग ३.०, चढला तर ३.७ गिगाहर्ट्झ, एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली जलद मेमरी, १२८ एमबी. नावातला 'पी' म्हणजे एकट्यानेच चालणारा, जोडीला दुसरा लावता येत नाही. आम्हाला तेच हवं होतं. दोन प्रोसेसर असले की एकाने दुसऱ्याच्या बाजूची मेमरी मागायची आणि वाट बघत बसायचं, ती भानगडच नको. मेमरीवरूनही थोडी वादावादी झाली. तो ६४ जीबीच्या दोन पट्ट्या देत होता, पुढे वाढवता येतील म्हणून. या प्रोसेसरला मेमरीच्या आठ वाटा आहेत, दोनच पट्ट्या लावल्या तर सहा वाटा रिकाम्या. १६ जीबीच्या आठ घेतल्या.

खरी रस्सीखेच डिस्कवर झाली. कोटेशनमध्ये पाच साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) एसएसडी, रेड ५. रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एक करायची पद्धत; रेड ५ मध्ये डेटासोबत पॅरिटी, म्हणजे एक डिस्क गेली तर डेटा परत काढायचा हिशोब, लिहिला जातो. जागा भरपूर मिळते, कबूल. पण रेड ५ वर छोटासा तुकडा बदलायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा: एका कामाची चार कामं. रेड १० मध्ये तोच डेटा दोन डिस्कवर लिहायचा, म्हणजे दोनच. दिवसभर भरणा-उचल करणाऱ्या पतसंस्थेला जागेपेक्षा हे महत्त्वाचं. आमचा सगळा डेटाबेस १४० जीबी. जागा घेऊन काय त्यात आंबे पिकत घालायचे?

आणि डिस्क साध्या नकोत. पोस्टग्रेस व्यवहार पक्का झाला असं सांगण्याआधी तो लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) लिहून डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबतो. दुकानातली साधी एसएसडी इथे मार खाते. एंटरप्राइज डिस्कमध्ये कपॅसिटर असतात. वीज गेली तरी हातातलं लिखाण पुरं करण्याइतका दम त्यांत असतो, म्हणून ती डिस्क लगेच होकार देऊ शकते. आमच्याकडे जूनमध्ये पहिल्या वाऱ्यालाच लाइट जाते, त्यामुळे यावर तडजोड नाही केली. मायक्रॉन ७४५० प्रो, ९६० जीबीच्या सहा घेतल्या. या एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा जलद जोडणीच्या एसएसडी. पोस्टग्रेससोबत पीजी_टेस्ट_एफसिंक नावाचं छोटं साधन येतं, डिस्क सेकंदाला किती लिखाणं पक्की करते ते मोजणारं, ते दोन्हीकडे चालवलं. जुन्यावर सेकंदाला काही शे, नव्यावर आकडा पाच अंकी. दोनदा चालवून बघितलं, विश्वास बसेना.

एक चूक माझी. चार डिस्कचं रेड १० डेटाला आणि दोन वेगळ्या लॉगला, अशी मांडणी केली. ही फिरत्या डिस्कच्या काळातली सवय. तेव्हा डिस्कवर वाचणारं-लिहिणारं डोकं इकडून तिकडे पळू नये म्हणून लॉग वेगळा ठेवायचो. एनव्हीएमईला डोकंच नाही. मोजून बघितलं, फरक नावापुरता. ते पैसे वाचले असते.

तक्रार म्हणाल तर आवाज. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आमचे शिपाईकाका जिन्यातून ओरडले, "विहिरीवरचा पंप कोणी लावला?" यंत्र दुसऱ्या मजल्यावर आहे, ते मुद्दाम. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण शाखेचं तळमजल्यावरचं सगळं पाण्याखाली गेलं होतं. खिडकी समुद्राकडची, म्हणून ती कायमची बंद. खारा वारा आत आला की स्क्रूसुद्धा गंजतात.

सप्टेंबरअखेरचं व्याज सातला लावलं आणि साडेआठला मी घरी जेवायला बसले होते. बॅकअप रोज रात्री कोल्हापूरला जातो. तशीच एक सातवी डिस्क आता मागवली आहे, कपाटात ठेवायला. आंबा घाटात दरड आली की पार्सल कधी पोचेल ते कोणी सांगू शकत नाही.