दोन सर्व्हरांमधली भिंत: रॅकमध्ये उभारायची की सर्व्हरवरच?

बाहेरच्या बाजूची फायरवॉल, म्हणजे ठरलेल्या नियमांनी (रूलनी) नेटवर्कची रहदारी अडवणारी भिंत, सगळ्यांकडे असते, तिच्याबद्दल इथे काही नाही. प्रश्न आतला आहे. एका सर्व्हरवर कुणी शिरलाच, तर शेजारच्या सर्व्हरपर्यंत जाताना त्याला कोण अडवणार? शंभर ते पाचशे सर्व्हरांच्या डेटा सेंटरसमोर साधारण दोन वाटा असतात. एक, आत आणखी एक फायरवॉलची जोडी बसवायची, व्हीलॅनचे (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कांचे) गेटवे, म्हणजे बाहेर जायची दारं, मधल्या मुख्य (कोअर) स्विचवरून उचलून तिच्यावर आणायचे आणि एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणारी सगळी रहदारी तिच्या हाताखालून न्यायची. दुसरी, प्रत्येक सर्व्हरवर आधीपासून असलेली फायरवॉल, म्हणजे विंडोजची स्वतःची आणि लिनक्सवरचं एनएफटेबल्स, एका ठिकाणाहून चालवायची. मी दोन्ही चालवल्या आणि दुसरीवर स्थिरावलो. पहिली पुरती सोडलेली नाही. कुठे ठेवली ते पुढे येईलच.

हायपरवायझरमधली, म्हणजे एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर (व्हीएम) चालवणाऱ्या थरातली, वितरित फायरवॉल ही तिसरी वाट. तांत्रिकदृष्ट्या ती कदाचित सगळ्यांत सुबक आहे. पण २०२३च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने हा थर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी घेतल्यापासून परवान्यांचं गणित इतकं बदललंय, की ज्यांच्याकडे ती आधीच आहे त्यांनी वापरावी एवढंच म्हणतो.

आतली भिंत लागतेच कशाला, असं वरचे साहेब विचारतील. त्यांना जून २०१७चं नॉटपेट्या, म्हणजे यंत्रामागून यंत्र गाठत पसरणारा किडा, सांगा. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते निघालं आणि न्हावा शेव्याला मर्स्क समूहाचं टर्मिनल त्याने ठप्प केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने एसएमबीचा, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगचा, त्रुटी बुजवणारा पॅच दिला होता, पण पॅच मारलेली यंत्रंही वाचली नाहीत. कारण हा किडा एका यंत्राच्या मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि पीएसएक्झेक, डब्ल्यूएमआय असल्या दुरून कारभार करायच्या रोजच्याच हत्यारांनी पुढच्या यंत्रावर चढायचा. म्हणजे पोर्ट (यंत्रावरचं क्रमांकाचं दार) ४४५ आणि १३५. एका सर्व्हरने शेजारच्या सर्व्हरचं ४४५ उघडायचं रास्त कारण किती वेळा असतं? फाइल सर्व्हर आणि डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) सोडले तर जवळजवळ कधीच नाही.

आता पहिल्या वाटेच्या जमेच्या बाजू, कारण त्या खऱ्या आहेत. सर्व्हरवर ज्याच्या हाती रूट, म्हणजे सर्वोच्च हक्क, आहे त्याला ही भिंत पाडता येत नाही. लॉग एका जागी मिळतात, त्यामुळे सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२च्या आदेशाप्रमाणे १८० दिवसांचे लॉग देशात ठेवायचं काम सोपं जातं. ज्याला पॅचच मिळत नाही असा जुना सर्व्हर आयपीएसच्या (हल्ले ओळखून अडवणाऱ्या यंत्रणेच्या) सिग्नेचरमागे लपवता येतो. ऑडिटरला एक आकृती आणि एक रूलबेस (रूलची यादी) दाखवला की तो समाधानी. हेही कमी नाही.

घेतलीत तर दोन-तीन ठिकाणी पाय अडखळतो. डेटाशीटवरचा पहिला, मोठा थ्रूपुटचा (सेकंदाला किती डेटा जातो त्याचा) आकडा विसरा. थ्रेट प्रिव्हेंशन (हल्ल्यांची तपासणी) चालू असतानाचा आकडा वाचा आणि तो रात्रीच्या बॅकअपशी ताडा, दिवसाच्या रहदारीशी नाही. बॅकअप आणि व्हीमोशनचे (चालू व्हीएम एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवण्याचे) व्हीलॅन फायरवॉलवर आणूच नका. मग दुसरी गंमत सुरू होते: बॅकअपसाठी ज्या सर्व्हरांना दुसरं नेटवर्क कार्ड आहे, ते सगळे त्या बॅकअपच्या व्हीलॅनमध्ये एकमेकांना थेट दिसतात. पुढचं दार बंद, मागचं सताड उघडं. शिवाय विनंती फायरवॉलमार्गे आली आणि उत्तर दुसऱ्या कार्डातून गेलं, की फायरवॉलला अर्धाच संवाद दिसतो आणि ती सेशन तोडते.

सगळ्यांत जास्त तक्रारी मात्र एका साध्या आकड्यावरून येतात. निष्क्रिय टीसीपी सेशन विसरून जायची मुदत बऱ्याच फायरवॉलवर मुळात ३६०० सेकंद असते. लिनक्सचा कीपअलाइव्ह, म्हणजे ‘मी अजून आहे’ असं कळवणारा निरोप, मुळात ७२०० सेकंदांनी जातो. ॲप्लिकेशनच्या कनेक्शन पूलमधलं (उघडी ठेवून पुन्हा वापरायच्या कनेक्शनांमधलं) एखादं कनेक्शन तासभर गप्प बसलं की फायरवॉल ते विसरते, पण डेटाबेसला आणि ॲप्लिकेशनला त्याचा पत्ता नसतो. सकाळी पहिला माणूस लॉगिन करतो आणि स्क्रीन गोठते. फायरवॉलची मुदत वाढवत बसण्यापेक्षा सर्व्हरवरचा कीपअलाइव्ह ६०० सेकंदांवर आणा. ओरॅकल असेल तर एसक्यूएलनेटमधला एक्स्पायर टाइम १० ठेवा, तो मिनिटांत असतो. ॲप्लिकेशन सॉकेटवर कीपअलाइव्ह मागतच नसेल, तर कर्नलमधला आकडा बदलून काही होत नाही. ते पूलच्या सेटिंगमध्ये करावं लागतं.

हे सगळं एकदा बसवलं की बसतं. माझा कौल फिरला तो वेगळ्याच कटकटीने, आणि ती म्हणजे सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदलणं.

फायरवॉलला फक्त व्हीलॅन ओलांडणारी रहदारी दिसते. एकाच व्हीलॅनमधले दोन सर्व्हर स्विचवरच बोलून मोकळे होतात. बहुतेक जुन्या डेटा सेंटरांत ‘सर्व्हर व्हीलॅन’ नावाची एक मोठी गोधडी असते: एकच सबनेट (आयपींचा एक गट), त्यात पगाराचा डेटाबेस, अँटिव्हायरसची कन्सोल, टेस्टिंगची यंत्रं, सगळं शेजारी शेजारी. भिंत उपयोगाची व्हायची तर ही गोधडी उसवून लहान तुकडे करायला हवेत. तुकडा म्हणजे नवा सबनेट, आणि नवा सबनेट म्हणजे सर्व्हरला नवा आयपी.

सर्व्हरवर आयपी बदलायला दोन मिनिटं लागतात. तो आयपी आणखी कुठे कुठे लिहून ठेवलाय ते शोधायला किती, ते सांगता येत नाही. डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा) हा सगळ्यांत सोपा भाग: दोन दिवस आधी टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणला की झालं. पण होस्ट्स फाइल, टीएनएसनेम्स, वेब कॉन्फिग, पोस्टग्रेसची पीजी-एचबीए फाइल, एनएफएसचे एक्स्पोर्ट, एसक्यूएलचे लिंक्ड सर्व्हर, मेल रिलेची परवानगी यादी, आयपीला बांधलेला परवाना, बँकेकडे किंवा सरकारी पोर्टलकडे कळवून ठेवलेला पत्ता, आणि वर्षातून एकदाच, मार्चअखेर चालणारी एखादी स्क्रिप्ट! जुना आयपी दुय्यम पत्ता म्हणून महिनाभर ठेवून त्यावर कोण दार ठोठावतंय ते टिपत राहणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय. पण सबनेटच बदलला असेल तर तोही हातचा जातो.

यावर फायरवॉलवाले एक तोड सुचवतील आणि ती चुकीची नाही. आयपी तोच ठेवायचा, सर्व्हरला नव्या व्हीलॅनमध्ये टाकायचं आणि फायरवॉलला ट्रान्सपरंट मोडमध्ये दोन व्हीलॅनांमधला पूल (ब्रिज) करायचं. चार-पाच सर्व्हरांसाठी हे उत्तम चालतं. पन्नाससाठी तीच गोष्ट जिवावर येते: दोन व्हीलॅनांमध्ये चुकून दुसरा पूल झाला तर लूप, जोडीतली दुसरी फायरवॉल कामाला लागल्यावर (एचए) स्विचचं कुठलं यंत्र कुठे ते सांगणारं मॅक टेबल जुनं, आणि रात्री दोनला तक्रार आली तर आकृतीवर एकच सबनेट दिसत असताना खरी रचना कुणाला आठवत नाही. माझ्या पाहण्यात असे प्रकल्प मोठ्या झोनवरच थांबतात. प्रॉडक्शन, टेस्ट, डीएमझेड (बाहेरून पोचता येणारे सर्व्हर). त्यापुढे चेंज विंडो, म्हणजे बदलासाठी ठरवलेली वेळ, मागायची कुणाची हिंमत होत नाही, आणि पगाराचा डेटाबेस अँटिव्हायरस कन्सोलच्या मांडीला मांडी लावूनच बसलेला राहतो.

सर्व्हरवरच्या फायरवॉलला सबनेटशी देणंघेणं नाही. आयपी जागच्या जागी, केबल जागच्या जागी, आणि एकाच व्हीलॅनमधल्या दोन यंत्रांमध्येही भिंत. तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की ॲडमिन हक्क मिळाले की चोर ती बंद करेल. करेल, पण स्वतः बसलाय त्या यंत्रावरची. त्याला जिथे जायचंय तिथल्या सर्व्हरचं दार अजून आतून बंदच असतं. म्हणून भरवसा येणाऱ्या रहदारीच्या रूलवर ठेवायचा. जाणाऱ्या रहदारीचे रूल शोभेपुरते समजा.

म्हणजे ही वाट गुळगुळीत आहे असं नाही. तिचे काटे वेगळे आहेत, आणि ते आधी माहीत असलेले बरे.

विंडोजवर टाकलेल्या पॅकेटांचा लॉग मुळात बंद असतो. तो चालू करा आणि फाइलचा आकार ४०९६ केबीवरून ३२७६७ केबीवर न्या, नाहीतर गर्दीच्या सर्व्हरवर कालचं काही उरत नाही. ग्रुप पॉलिसीत (सगळ्या विंडोजना एका जागेहून सेटिंग देणाऱ्या सोयीत) स्थानिक रूल मानायचे नाहीत असं सेटिंग आहे. ते हवंच, कारण प्रत्येक इन्स्टॉलर आपापली भोकं पाडून जातो. पण ते लावल्याक्षणी फेलओव्हर क्लस्टरचे (एक पडला तर दुसरा काम उचलतो अशा सर्व्हरगटाचे) स्वतःचे रूलही निष्प्रभ होतात, सर्व्हर जिवंत असल्याचे यूडीपी ३३४३वरचे ठोके थांबतात आणि नोड क्लस्टरबाहेर फेकला जातो. क्लस्टरचे रूल आधी पॉलिसीत आणा, मग ते सेटिंग. दुसरं, सर्व्हर रीबूट होताना डोमेन कंट्रोलर दिसला नाही तर विंडोज स्वतःला पब्लिक (परक्या नेटवर्कच्या) प्रोफाइलमध्ये समजतं. तुमचे रूल फक्त डोमेन प्रोफाइलला बांधलेले असतील तर पॅचिंगच्या रात्रीनंतर सकाळी निम्मे सर्व्हर मुके. रूल तिन्ही प्रोफाइलना लावा. आणि विंडोजच्या रूलना क्रम नसतो. अडवणारा रूल परवानगीवर मात करतो. त्यामुळे ‘आधी सगळं अडवा, मग एकाला सोडा’ असा रूल लिहिणारा फसतो. मुळातच येणारं सगळं बंद ठेवायचं आणि फक्त परवानग्या लिहायच्या.

लिनक्सवर खड्डा एकच, पण मोठा आहे: डॉकर, म्हणजे ॲप्लिकेशनं कंटेनर नावाच्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर. कंटेनरचं पब्लिश केलेलं पोर्ट पत्ता बदलून आत पाठवलं जातं, ते इनपुट साखळीत (यंत्राकडे येणाऱ्या रहदारीच्या रूलयादीत) येतच नाही. तुम्ही इनपुटवर सगळं बंद करून निश्चिंत आणि डेटाबेसचा कंटेनर गावाला उघडा. आयपीटेबल्सवर (लिनक्सच्या जुन्या फायरवॉलवर) चालणाऱ्या नेहमीच्या डॉकरमध्ये ते रूल डॉकर-यूजर साखळीत घालावे लागतात. अशा यंत्रांवर रूलफाइलच्या माथ्यावर सगळं पुसणारी ओळ ठेवू नका, नाहीतर डॉकरने लिहिलेलंही पुसलं जातं. फक्त आपलं टेबल पुसा. फाइल लागू करण्याआधी तपासणीच्या पर्यायाने चालवून बघा, आणि ‘ॲट’ने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या आज्ञेने) दहा मिनिटांनी जुने रूल परत आणणारं काम लावून ठेवा. सगळं ठीक असलं तर ते काम रद्द करायचं. आपल्यालाच बाहेर कोंडून घेतल्यावर हाच उपाय वाचवतो. फार कनेक्शनं घेणाऱ्या लोड बॅलन्सरवर कॉनट्रॅकचं (चालू कनेक्शनं लक्षात ठेवणारं) टेबल भरतं आणि कर्नल तसं लॉगमध्ये सांगून पॅकेट टाकायला लागतं. तिथे कमाल आकडा आधीच वाढवा.

सुरुवातीला काही अडवू नका, फक्त टिपा. किमान ४५ दिवस, म्हणजे एक महिनाअखेर नक्की सापडते. तिमाही धरली तर उत्तम. लिनक्सवर शेवटी ‘लॉग करा आणि जाऊ द्या’ असा रूल ठेवा, सेकंदाला १० नोंदींची मर्यादा घालून. विंडोजवर सगळ्याला परवानगी देऊन यशस्वी जोडण्यांचा लॉग चालू करा. मग पहिल्या फेरीत ॲप्लिकेशनच्या पोर्टांना हात न लावता फक्त कारभाराची दारं बंद करा: ४४५, १३५, ३३८९, ५९८५, ५९८६ आणि २२. ती जंप सर्व्हर (ॲडमिनांनी ज्यावरून आत यायचं तो सर्व्हर), बॅकअप आणि मॉनिटरिंग एवढ्यांनाच उघडी. डोमेन कंट्रोलरचं ४४५ आणि १३५, आणि फाइल सर्व्हरचं ४४५ उघडं राहू द्या. एसक्यूएलचा नेम्ड इन्स्टन्स (वेगळं नाव दिलेली प्रत) असेल तर त्याचं पोर्ट आधी कायमचं ठरवून द्या, नाहीतर रीस्टार्टला ते बदलू शकतं आणि रूल चुकतो. प्रत्येक ॲप्लिकेशनचा बारीक रूलबेस नंतर, सवडीने. तो कधीच पूर्ण झाला नाही तरी या एवढ्या दारांनीच नॉटपेट्यासारख्या किड्याचा मुख्य रस्ता बुजतो.

विकत मिळणारे एजंट यातली मेहनत कमी करतात. त्यांतले काही सर्व्हरची स्वतःची फायरवॉलच मागून चालवतात, वर लेबलं आणि नकाशा देतात. पाचशेच्या पुढे गेलात तर घ्या. दोनशेला ग्रुप पॉलिसी आणि ॲन्सिबल (अनेक सर्व्हरांवर एकदम सेटिंग लावणारं साधन) पुरतात, फक्त रूल गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवायची शिस्त हवी.

आता जिथे रॅकमधली फायरवॉल सोडलेली नाही ती जागा. ज्यांच्यावर आपले रूल नीट बसत नाहीत अशी यंत्रं असतात: स्टोरेजचे कंट्रोलर, आयएलओ आणि आयड्रॅक (सर्व्हर दुरून हाताळायची त्यातलीच छोटी यंत्रणा), टेप लायब्ररी, पॅच न मिळणारा म्हातारा सर्व्हर, आणि ईएसएक्सआयचं (व्हीएमवेअरच्या हायपरवायझरचं) मॅनेजमेंट. फेब्रुवारी २०२३मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्ज नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे पडलेले ईएसएक्सआय सर्व्हर गाठले होते. संशय ओपनएसएलपीच्या, म्हणजे पोर्ट ४२७च्या, दोन वर्षं जुन्या त्रुटीवर होता. ईएसएक्सआय पडला की त्याच्यावरच्या तीस व्हीएमांच्या तीस फायरवॉल कितीही चोख असोत, काही उपयोग नाही. ही सगळी यंत्रं एका वेगळ्या व्हीलॅनमध्ये, फायरवॉलमागे, आणि आत यायला फक्त जंप सर्व्हर. इथेही आयपी बदलावे लागतात. पण आयड्रॅकचा पत्ता कुणाच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये नसतो, आणि एवढ्या रहदारीला सगळ्यांत लहान फायरवॉलची जोडीही पुरते.

तुमच्याकडे सर्व्हर बघणारी टीम आणि नेटवर्क बघणारी टीम वेगळ्या कंत्राटदारांच्या असतील, आणि सर्व्हरवाल्यांकडून पॅचसुद्धा वेळेवर होत नसेल, तर मात्र माझा सल्ला उलटा आहे. रूल त्यांच्या हाती देऊ नका. फायरवॉलची जोडी घ्या, मोठे झोन करा आणि गोधडीतून पहिल्यांदा बॅकअप सर्व्हर बाहेर काढा.